तिखट खाणाऱ्यांच्या पंगतीत मिरचीची ॲलर्जी

मिरचीची ॲलर्जी म्हणजे मिरचीतल्या प्रथिनांना शत्रू समजून शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेने उठवलेले रान. मिरचीचा तिखटपणा न सोसणे ही त्याहून अगदी वेगळी गोष्ट आहे. ॲलर्जीत अंगावर गांधी उठतात, ओठ आणि जीभ सुजते, श्वास कोंडतो आणि क्वचित रक्तदाब कोसळून जिवावर बेतते. तिखट सोसत नाही तेव्हा तोंड भाजते, नाकाडोळ्यांतून पाणी येते, पोटात आग पडते. त्रास खरा असतो, पण तासाभरात ओसरतो. मराठी घरांत मात्र या दोन्ही तक्रारी ‘मला तिखट चालत नाही’ अशा एकाच वाक्यात सांगितल्या जातात आणि दोन्हींवर एकच उत्तर मिळते, ‘थोडं थोडं खात जा, सवय होईल.’ तिखटपणापुरता हा सल्ला बराचसा बरोबर आहे. ॲलर्जी असलेल्या माणसासाठी तोच सल्ला घातक ठरू शकतो. हा फरक घरात, खानावळीत आणि पंगतीत समजला नाही, तर अशा माणसाला दररोज दोन वेळा धोका पत्करून जेवावे लागते.

मिरची ही बटाटा, टोमॅटो आणि वांगे यांच्या कुळातली वनस्पती. तिच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव कॅप्सिकम. तिचे मूळ घर मध्य आणि दक्षिण अमेरिका. कोलंबसाच्या सफरींनंतर ती युरोपात आली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी इथल्या स्वयंपाकात तिखटपणासाठी मिरे, पिंपळी आणि आले वापरत. पिकवायला सोपी आणि मिऱ्यांपेक्षा स्वस्त असल्यामुळे मिरची गरिबाच्या भाकरीपर्यंत पोचली आणि पुढे तिच्यावाचून जेवण ही कल्पनाच उरली नाही. सुक्या मिरचीच्या उत्पादनात आज भारत जगात पहिला आहे. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळणारी मिरची, नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी, गडहिंग्लजच्या बाजारातली संकेश्वरी, गोव्यातली हरमलची आणि खोल्याची मिरची, कर्नाटकातून येणारी लालभडक ब्याडगी, अशी तिची नावे गावांशी जोडली गेली आहेत. खान्देशची शेवभाजी, नागपूरचे सावजी मटण, कोल्हापूरचा तांबडा रस्सा, मिसळीवरची तर्री, मालवणी कोंबडी, वडापावातली लसणाची चटणी हे पदार्थ मिरचीशिवाय उभे राहत नाहीत. मिरची न चालणाऱ्या माणसाच्या अडचणीचे मोजमाप या यादीतून होते.

मिरचीला तिखटपणा देणारे द्रव्य म्हणजे कॅप्सेसिन. ते बियांत तयार होते असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात ते बिया ज्यावर लागलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात तयार होते आणि बियांना तिथून चिकटते. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये तिखटपणा मोजण्याची पद्धत शोधली. त्या मापावर ढोबळी मिरची शून्यावर आहे, आणि ईशान्य भारतातली भूत जोलोकिया दहा लाखांच्या पुढे. कॅप्सेसिन शरीरावर काय करते याचा उलगडा व्हायला मात्र १९९७ साल उजाडले. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मज्जातंतूंच्या टोकांवरचा टीआरपीव्ही१ नावाचा ग्राहक शोधून काढला. हा ग्राहक एरवी ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेले की चेतवला जातो आणि मेंदूला ‘भाजले’ असा निरोप धाडतो. कॅप्सेसिन त्याच ग्राहकाला चिकटते आणि काहीही भाजलेले नसताना तोच निरोप जातो. या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळाले. पक्ष्यांमधल्या या ग्राहकाची घडण वेगळी असल्याने त्यांना मिरची झोंबत नाही. पक्षी मिरच्या खुशाल खातात आणि बिया दूरवर पसरवतात.

कॅप्सेसिन वारंवार लागत राहिले की मज्जातंतूंची ही टोके बधिर होत जातात. सवय म्हणतात ती हीच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी मेक्सिकोत केलेला अभ्यास या संदर्भात प्रसिद्ध आहे. तिथली मुले जन्मतः तिखटाची चाहती नसतात. मोठ्यांच्या ताटात बघून, आग्रहाशिवाय, हळूहळू ती मिरची खाऊ लागतात आणि काही वर्षांत तिची गोडी लागते. महाराष्ट्रातही तसेच होते. वरणभात खाणारे मूल एक दिवस ठेच्याला बोट लावते, हायहुई करते आणि काही दिवसांनी पुन्हा मागते. तिखटाची आवड ही अशी कमावलेली असल्यामुळे ती न कमावणारा माणूस लाडावलेला किंवा कच्च्या दिलाचा समजला जातो. जो तिखट खाणारा आहे त्याने स्वतः ही पायरी ओलांडलेली असते, म्हणून समोरच्यालाही ती ओलांडता येईल असे त्याला मनापासून वाटते. त्याच्या आग्रहात दुष्टावा नसतो. गैरसमज मात्र असतो.

ॲलर्जीचा मार्ग मज्जातंतूंचा नव्हे, रक्तातल्या प्रतिपिंडांचा आहे. एखाद्या माणसाची प्रतिकारयंत्रणा मिरचीतले एखादे निरुपद्रवी प्रथिन घातक ठरवते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई या जातीची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे त्वचा, नाक, घसा, फुप्फुसे आणि आतडी यांतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तेच प्रथिन शरीरात आले की या पेशी फुटतात आणि हिस्टामीन व इतर द्रव्ये बाहेर पडतात. रक्तवाहिन्या सैल होऊन पाझरू लागतात, त्वचेवर खाज सुटणाऱ्या गांधी येतात, घशाचे अस्तर सुजते, श्वासनलिका आवळतात. हे सारे बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत घडते. कॅप्सेसिनचा रेणू इतका लहान असतो की तो सहसा या यंत्रणेच्या डोळ्यावर येत नाही; ॲलर्जी होते ती प्रथिनांची. प्रथिने तर ढोबळी मिरचीतही असतात. म्हणून ज्याला मिरचीची खरी ॲलर्जी आहे त्याला अजिबात तिखट नसलेली मिरचीही बाधू शकते. प्रमाणाचाही हिशेब निराळा आहे. तिखट जितके जास्त तितकी आग जास्त, हा कॅप्सेसिनचा नियम. ॲलर्जीत चिमूटभर पूडही पुरते आणि एका वेळी थोडक्यात निभावले म्हणून पुढच्या वेळी निभावेल याची खात्री नसते.

अशी ॲलर्जी येते कुठून? काहींमध्ये तिची सुरुवात परागकणांपासून होते. युरोपात मगवर्ट नावाच्या, आपल्या दवण्याच्याच प्रजातीतल्या रानझुडपाच्या परागांची ॲलर्जी असलेल्या अनेकांना सेलरी, गाजर आणि मसाल्याचे पदार्थ बाधतात, कारण परागांतल्या आणि या पदार्थांतल्या काही प्रथिनांची घडण सारखी असते. प्रतिकारयंत्रणा एकाला ओळखते आणि दुसऱ्यालाही तोच समजून उठते. या प्रकारात बहुतेक वेळा त्रास तोंडापुरता राहतो: ओठ आणि टाळूला खाज, घशात खवखव. यातली काही प्रथिने उष्णतेने मोडतात, त्यामुळे कच्ची मिरची किंवा कोशिंबिरीतली ढोबळी बाधते आणि शिजवलेली चालते असे घडते. पण सगळीच प्रथिने अशी नाजूक नसतात. काही उकळून आणि तळूनही टिकतात. रबराच्या हातमोज्यांतल्या लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्यांनाही केळे, किवी, ॲव्होकाडो यांच्या जोडीने कधी कधी ढोबळी मिरची बाधते. दवाखान्यांत काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एकूण अन्नाच्या ॲलर्जीत दूध, अंडी, शेंगदाणे, कोळंबी यांच्या मानाने मिरचीचा वाटा लहान आहे. लहान आहे म्हणूनच तिच्यावर चटकन विश्वास बसत नाही.

तिखट न सोसण्याची कारणे ॲलर्जीखेरीज पुष्कळ आहेत आणि त्यांची उकल आधी व्हायला हवी. जेवताना नाक वाहणे हा मज्जातंतूंचा प्रतिसाद आहे. त्यात शिंका आणि खाज नसते. छातीत जळजळ आणि आंबट ढेकर हे आम्लपित्ताचे लक्षण. आतड्यांची संवेदनशीलता वाढलेल्यांना तिखट खाल्ल्यावर कळा येतात आणि शौचाला पळावे लागते. भगेंद्र असलेल्यांना दुसऱ्या दिवशी त्रास होतो. लोह किंवा ब जीवनसत्त्वे कमी पडली की जीभ गुळगुळीत होऊन साधी आमटीही झोंबते. बोलीत ‘पित्त’ हा शब्द आम्लपित्तालाही वापरतात आणि अंगावरच्या गांधींनाही, त्यामुळे ‘मिरची खाल्ली की पित्त होतं’ एवढ्यावर डॉक्टरांनाही नेमके काही कळत नाही. काय झाले, किती वेळात झाले आणि ते किती वेळ टिकले, हे सांगणे जास्त उपयोगाचे.

या कारणांपैकी एकाकडे दुर्लक्ष अजिबात परवडणारे नाही. सुपारी, गुटखा, मावा किंवा विदर्भातला खर्रा चघळणाऱ्यांच्या गालाच्या आतले अस्तर हळूहळू पांढुरके, कडक आणि दोरीसारखे ताठर होत जाते. वैद्यकात याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. त्याची पहिली तक्रार पुष्कळदा एवढीच असते की नेहमी झणझणीत खाणाऱ्या तरुणाला एकाएकी तिखट सोसेनासे होते. पुढे तोंड उघडणे कमी होते. एरवी उभी तीन बोटे जातील एवढे तोंड दोन बोटांवर येते. ही अवस्था कर्करोगाकडे नेऊ शकते. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण सुपारी सुटलेली नाही. तिखट खाणाऱ्याचे तिखट अचानक सुटले, तर त्याला ॲलर्जी समजून मिरची बंद करण्याआधी दंतवैद्याकडून तोंड तपासून घ्यायला हवे, आणि सुपारी त्याच दिवशी थांबायला हवी.

कधी दोष मिरचीचा नसतोच. मराठी मसाला म्हणजे मिरचीची पूड नव्हे. गोडा मसाला, काळा मसाला, कांदा-लसूण मसाला, मालवणी मसाला यांत धने, जिरे, तीळ, सुके खोबरे, मोहरी, मेथी, खसखस, दगडफूल, बडीशेप, हिंग असे डझनावारी घटक असतात. यातल्या तिळाची आणि मोहरीची ॲलर्जी जगभर चांगली नोंदवलेली आहे. मेथीची शेंगदाण्याशी जवळीक आहे, त्यामुळे शेंगदाणे बाधणाऱ्याला मेथीही बाधू शकते. मिसळ खाल्ल्यावर ओठ सुजले तर बोट आधी मिरचीकडे जाते, कारण ती झोंबलेली आठवते. गुन्हेगार चटणीतला तीळ किंवा फरसाणातले शेंगदाणेही असू शकतात. अशा चुकीच्या निदानाची किंमत दुहेरी असते: जी मिरची चालली असती ती जन्मभर बंद होते आणि जे खरोखर घातक आहे ते ताटात राहते.

मिरचीचा त्रास फक्त खाण्यातून होत नाही. ठेच्यासाठी मिरच्या कुटल्या, सांडगी मिरची भरली किंवा किलोकिलोने देठ खुडले की हात तासन्‌तास भगभगतात. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर देठ खुडणाऱ्या बायकांचे हे रोजचे दुखणे आहे आणि हातमोजे मिळणे हा त्यांचा साधा हक्क मानायला हवा. ही भगभग कॅप्सेसिनची. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते, म्हणून आधी तेल चोळून मग साबणाने हात धुतले तर आराम पडतो. तोंडातल्या आगीवर पाण्यापेक्षा दूध किंवा दही चांगले, कारण दुधातले केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला बाजूला काढते. फोडणीत सुकी मिरची करपली की घरभर ठसका उठतो. तोही श्वासमार्गातल्या मज्जातंतूंचा प्रतिसाद आहे, पण दमेकऱ्यांत त्यातून दम्याचा झटका येऊ शकतो. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करण्याच्या दिवसांत डंकावर मिरची कांडली जाते तेव्हा गल्लीत खकाणा उडतो. त्या दिवसांत दमा आणि ॲलर्जी असलेल्यांनी कांडपाच्या जागेपासून दूर राहावे. तिथे काम करणाऱ्यांनी तोंडाला नुसता पदर न लावता नीट बसणारा मास्क वापरावा. मिरची हाताळणाऱ्यांच्या फुप्फुसांचा एक निराळा आजार हंगेरीतल्या पॅप्रिका मिरची चिरणाऱ्या कामगारांत आढळला होता. त्याचे कारण मिरची नव्हती, ओलसर मिरचीवर वाढणारी बुरशी होती.

निदानाची सुरुवात सविस्तर हकिगतीने होते. काय खाल्ले, कच्चे की शिजलेले, किती मिनिटांनी काय झाले, त्या वेळी व्यायाम, दारू किंवा वेदनाशामक गोळी यांपैकी काही होते का, हे प्रश्न महत्त्वाचे, कारण या तीन गोष्टी ॲलर्जीची तीव्रता वाढवतात. दोन प्रश्न विशेष उपयोगी पडतात. मिरे आणि आले खाल्ल्यावरही तसाच त्रास होतो का? मिऱ्यातले पिपरिन आणि आल्यातली तिखट द्रव्ये त्याच टीआरपीव्ही१ ग्राहकाला चेतवतात, म्हणून याचे उत्तर होकारार्थी असेल तर बोट तिखटपणाकडे जाते. आणि ढोबळी मिरची खाल्ल्यावरही त्रास होतो का? इथला होकार ॲलर्जीकडे निर्देश करतो. ही उत्तरे जुन्या अनुभवांतून द्यायची असतात. ॲलर्जीची शंका असताना घरी मुद्दाम ढोबळी खाऊन पाहणे धोक्याचे आहे.

त्यानंतर त्वचेवरची टोचणी चाचणी होते. पदार्थाचा अर्क हातावर ठेवून त्वचा हलकेच टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गांधी मोजतात. मिरचीच्या बाबतीत यात एक अडचण आहे: कॅप्सेसिन स्वतःच त्वचेवर लाली आणते, त्यामुळे ॲलर्जी नसतानाही चाचणी होकारार्थी वाटू शकते. अनुभवी तज्ज्ञ ढोबळी मिरचीच्या ताज्या रसाने चाचणी करून, शिवाय निरोगी माणसाच्या हातावर तीच करून, हा घोळ टाळतात. रक्तातली मिरचीविरुद्धची आयजीई मोजता येते, पण नुसता अहवाल होकारार्थी आला म्हणजे ॲलर्जी ठरत नाही. हकिगत आणि अहवाल जुळावे लागतात. शेवटची कसोटी म्हणजे रुग्णालयात, औषधे तयार ठेवून, चढत्या प्रमाणात पदार्थ खायला देणे. हल्ली शंभर-दोनशे पदार्थांची ‘फूड इन्टॉलरन्स’ तपासणी म्हणून जाहिरात होणाऱ्या आयजीजी या दुसऱ्या जातीच्या प्रतिपिंडांच्या चाचण्यांना ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना मान्यता देत नाहीत. त्या अहवालांवरून ताटातले निम्मे अन्न वजा करणे हे रुग्णाचे नुकसानच आहे. तसेच, मिरचीची ॲलर्जी ठरली म्हणून टोमॅटो, बटाटा आणि वांगे आपोआप वर्ज्य होत नाहीत. ते आजवर चालत असतील तर खात राहावे.

निदान पक्के झाल्यावर खरी कसरत सुरू होते, ती मिरची कुठे कुठे आहे हे शोधण्याची. भाजी-आमटीतली मिरची दिसते. न दिसणारी जास्त त्रास देते. काही घरांच्या मेतकुटात सुकी मिरची असते. सोलकढीत हिरव्या मिरचीचा ठेचा, ताकात मिरचीची पेस्ट, ढोकळ्यावर फोडणी, साबुदाण्याच्या खिचडीत मिरचीचे तुकडे, थालीपिठात आणि चकलीत तिखट, पापडात मिरी आहे की मिरची हे पुडा वाचल्याशिवाय कळत नाही. पांढरा रस्सा पांढरा असला तरी बहुधा मिरचीविना नसतो. कैरीचे लोणचे, शेव, फरसाण, टोमॅटो सॉस, मेयोनीज, सॉसेज, चिप्स, तयार सूप या सगळ्यांत मिरची किंवा तिचा अर्क असू शकतो. पाकिटावर १६०सी हा क्रमांक दिसला तर तो मिरचीपासून काढलेला लाल रंग आहे; तो चीजमध्ये आणि बिस्किटांतही सापडतो. सांधेदुखीवरची काही मलमे आणि पट्ट्या कॅप्सिकमच्या अर्काच्या असतात, त्याही तपासून घ्याव्यात.

कायद्याची मदत इथे तोकडी पडते. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० च्या वेष्टन नियमांत ज्या ॲलर्जीकारक घटकांची ठळक घोषणा बंधनकारक केली, त्यांत ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कवचफळे, सोयाबीन आणि सल्फाइट आहेत. मिरची नाही, मोहरी आणि तीळही नाहीत. घटकांच्या यादीत ‘मसाले’ एवढा शब्द लिहून भागते. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ध्यानात ठेवावे की युरोपीय संघाच्या सक्तीच्या चौदा घटकांत मोहरी, तीळ आणि सेलरी आहेत, पण मिरची तिथेही नाही. आणि पॅप्रिका म्हणून जी लाल पूड तिकडच्या पदार्थांवर भुरभुरलेली असते ती मिरचीच आहे. ज्या देशात मिरची एवढी खाल्ली जाते त्या देशाच्या नियमांत तरी ‘मसाले’ या शब्दामागे काय दडले आहे ते लिहायला लावणे अवघड नाही, आणि ते व्हायला हवे.

घरात सर्वांत धोक्याची जागा म्हणजे मिसळणाचा डबा. तिखटात बुडवलेला चमचाच हळदीत आणि जिऱ्यात जातो, त्यामुळे ‘बिनमिरचीच्या’ वरणालाही मिरची लागते. ॲलर्जी असलेल्यासाठी हळद, मोहरी, जिरे, धने यांचा निराळा डबा लागतो. पाटा, वरवंटा आणि खलबत्ता दगडी असतील तर धुऊनही त्यांत मिरचीचा अंश राहतो. मिक्सरच्या भांड्याच्या पात्याखालीही तो राहतो. त्यासाठी वेगळे भांडे ठेवणे हा सोपा उपाय. भजी तळलेल्या तेलात मिरच्या तळल्या गेल्या असतील तर ते तेल वापरू नये. सगळ्यांचा स्वयंपाक आधी बिनमिरचीचा करून त्याचा वाटा काढून घ्यायचा आणि उरलेल्यावर तिखटाची फोडणी वरून द्यायची, ही पद्धत दोन स्वयंपाकांचे कष्ट वाचवते. आमटी, पिठले, उसळ, बटाट्याची भाजी यांना ती छान जमते.

तिखटपणा हवाच असेल तर मिरचीआधीच्या स्वयंपाकाकडे वळता येते. मिरे आणि पिंपळी मिरचीच्या कुळातल्या नाहीत. आले आणि सुंठ हळदीच्या कुळातली. कोकणातली तिरफळे लिंबाच्या कुळातली. मिरचीची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना या गोष्टी चालतात, तरी प्रत्येक मसाला तज्ज्ञाला विचारून सुरू करावा, कारण मिऱ्यांची स्वतंत्र ॲलर्जीही असते. मिरे-आल्याची ताकाची कढी, जिरे-मिरे घातलेली डाळ, तिरफळे घातलेला बांगडा, कोकमाचे सार, अळूची पातळ भाजी, तूप-जिऱ्याच्या फोडणीचे वरण यांत मिरची नसली तरी चव उणी राहत नाही. रंगासाठी बीट आणि हळद आहेत. अशा जेवणाला आजाऱ्याचे पथ्य म्हणणे अन्यायाचे आहे. अनेक शतके या भूमीवर असेच जेवण होते.

बाहेर जेवताना प्रश्न कसा विचारला जातो यावर सगळे अवलंबून असते. ‘तिखट आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर खरे असूनही निरुपयोगी ठरते. आचारी म्हणतो, रंगापुरती ब्याडगी घातली आहे, अजिबात तिखट नाही; किंवा बिया काढून टाकल्या आहेत; किंवा मिरची नुसती फोडणीत घालून बाहेर काढली आहे. तिन्ही पदार्थांत मिरचीची प्रथिने आहेत. ‘मिरची कुठल्याही रूपात आहे का? खाल्ली तर श्वास बंद पडतो,’ असे स्पष्ट विचारावे लागते. खानावळीत आणि वसतिगृहाच्या मेसमध्ये मालकाशी एकदा निवांत बोलून, काय चालत नाही ते मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद स्वयंपाकघरात लावायला द्यावा. आचारी बदलले तरी कागद राहतो. लग्नाच्या पंगतीत दहीभात, पोळी, तूप, श्रीखंड किंवा जिलेबी हा सुरक्षित रस्ता, पण वाढप्याचा डाव एका भांड्यातून दुसऱ्यात जातो, म्हणून शक्य असेल तर आधी जेवून जाणे बरे.

आग्रह हा मराठी पाहुणचाराचा जीव आहे आणि या आजारात तोच सर्वांत अवघड जातो. नव्या सुनेला सासरच्या घरात ‘मिरची चालत नाही’ हे सांगणे सोपे नसते. तिचे न खाणे हा माहेरचा तोरा समजला जातो. जावयाला ‘आमच्याकडचा रस्सा एकदा खाऊन तर बघा’ म्हणून वाटी पुढे केली जाते. शाळेत मुलाला मित्र चिडवतात आणि पैज लावून डब्यातली मिरची खायला लावतात. हा प्रकार शिक्षकांना आधीच सांगून थांबवायला हवा. अशा वेळी घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने पुढे होऊन सगळ्यांना एकदाच सांगितले तर काम होते. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवणे हाही कमीपणा नाही. ॲलर्जी असलेल्या माणसाने एकट्याने प्रत्येक पंगतीत आपली बाजू मांडत राहावी, ही अपेक्षा निष्ठुर आहे.

तीव्र प्रतिक्रियेला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. मिरची पोटात गेल्यावर अंगभर गांधी, ओठ-जिभेची सूज, आवाज घोगरा होणे, छातीत घरघर, वारंवार उलट्या, चक्कर किंवा बेशुद्धी यांपैकी दोन-तीन गोष्टी एकदम दिसल्या तर वेळ मिनिटांत मोजायची. यावरचे औषध एकच, ॲड्रेनलिनचे इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. प्रौढांसाठी मात्रा साधारण ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम. सेट्रिझिनसारखी गोळी खाज कमी करते, पण मिटत चाललेला घसा उघडत नाही. परदेशात मिळणारी तयार ॲड्रेनलिनची पेन भारतात सहजी मिळत नाहीत, म्हणून तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांकडून कुपी आणि सिरिंज जवळ ठेवण्याबद्दल व ती वापरण्याबद्दल शिकून घ्यावे. घरच्यांपैकी दोघांना तरी ते यायला हवे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. ती येईपर्यंत रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत. श्वास लागत असेल तर बसते करावे, पण उभे करू नये किंवा चालवू नये. दही, साखर किंवा तूप चारण्यात वेळ घालवू नये. इंजेक्शनने बरे वाटले तरी रुग्णालयात जावेच लागते, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो. जाताना पदार्थाचे पाकीट किंवा उरलेला घास डब्यात घालून सोबत न्यावा, म्हणजे नेमके काय बाधले हे पुढच्या तपासणीत शोधता येते.